शेजारचा विस्तव

माझी आजी मुरबाडकडची. तिच्या लहानपणी घरात काडेपेटी असे, पण ती देवापाशी. चुलीसाठी काडी ओढणे म्हणजे उधळपट्टी समजत. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ठेवावयाची आणि पहाटे ती उकरून फुंकर घालावयाची, हा रोजचा क्रम. परंतु एखादे दिवशी राखेखाली काहीच उरलेले नसे. मग हातात शेणीचा तुकडा घेऊन शेजारी जावयाचे आणि दारातूनच विचारावयाचे, "विस्तव आहे का गं?" शेजारीण शेणीवर निखारा ठेवी, आणि ठेवता ठेवता पोराचा ताप उतरला का, गाय व्याली का, हेही विचारून घेई. आजी म्हणे, विस्तव आणावयास गेलेली बाई कधी नुसता विस्तव घेऊन परत येत नसे.

यंदा आषाढात कल्याणला पारनाक्याजवळच्या एका बंद छापखान्यात हाच प्रकार मी पुन्हा पाहिला. चूल तेवढी निराळी होती. ती होती एका जुन्या संगणकाची.

हा संगणक माझ्या चांगल्या ओळखीचा. १९९९ साली, मी वीस वर्षांचा असताना, माझी पहिली कादंबरी त्याच्यावर जुळविली गेली होती. मॅट्रिकनंतर चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून मी नुकताच नोकरीच्या शोधास लागलो होतो, आणि नोकरी मिळत नाही म्हणून कादंबरी लिहीत होतो. छापखान्याचे मालक काका आणि अक्षरजुळणी करणाऱ्या काकू. मी वह्या नेऊन द्यावयाच्या आणि काकूंनी त्या टंकावयाच्या. चौदा प्रकरणे झाली, आणि कागदाचे पैसे उभे राहिनात म्हणून काम थांबले, ते थांबलेच. वह्या मी घरी आणल्या. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याणच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत छातीइतके पाणी चढले, त्यात त्यांचा लगदा झाला. तेव्हापासून त्या कादंबरीची एकच प्रत जगात उरली होती, ती काकांच्या माळ्यावर, त्या संगणकाच्या पोटात.

पुढे मी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापूनही आल्या, आणि पहिलीची आठवण बोथट झाली. काकू गेल्या. छापखाना बंद पडला. यंदा ती इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा काकांचा निरोप आला, "माळा रिकामा करतोय. तुझं काही असेल तर बघून जा. भंगारवाला परवा येणार आहे."

मी एकटा जाऊन काय करणार? मी चित्रकलेचा मास्तर. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीस सोबत घेतले. हिला शाळेत असतानाच मोडकी यंत्रे उघडून पाहण्याचा नाद होता आणि आता तोच तिचा चरितार्थ आहे. तिने पेटी पुसली, आतली धूळ झटकली, आणि सुरू करून पाहिली. पडद्यावर पहिली गोष्ट उमटली ती तारीख: १ जानेवारी १९८०. आतली बोटभर बॅटरी केव्हाच संपली होती. आणि बॅटरी संपलेल्या त्या पिढीच्या यंत्रास जग नेहमी त्याच दिवशी सुरू झालेले वाटते. त्याखाली एक ओळ आली. यंत्र चालविणारी प्रणालीच सापडत नाही, असा तिचा अर्थ.

फ्लॉपीचे कपाट उंदरांनी कुरतडलेले. तबकडीचे कपाट मुळातच नव्हते. आजच्या पेनड्राइव्हचे भोक त्या काळी जन्मासच आलेले नव्हते. डिस्क बाहेर काढून आजच्या संगणकास जोडून पाहिली, तर जोडणीची आधुनिक डबी त्या जुन्या डिस्कला ओळखीना. डिस्क त्याच पेटीत बसवून तीच पेटी जागी करावयाची, हा एक मार्ग उरला.

"सर, ही मेलेली नाही," ती म्हणाली. "हिला फक्त उठायचं कसं ते आठवत नाही. नेटवर्कवरून उठवून बघू."

हे तिचे वाक्य पुरते समजावयाचे, तर थोडे मागे गेले पाहिजे.

संगणक हा मोठा विसरभोळा प्राणी आहे. तो जे काही करतो ते आज्ञावलीप्रमाणे करतो. परंतु आज्ञावली आत घेण्याचे काम हेही एक कामच, आणि त्यासाठीही आज्ञावली लागते. मग ती पहिली कोठून आणावयाची? आपणच आपल्या खांद्यावर चढून बसण्यासारखे हे आहे. इंग्रज ह्यालाच बुटाची पट्टी धरून स्वतःस वर उचलणे म्हणतो. बूट पायात ओढून चढविता यावा म्हणून त्याला मागे चामड्याची एक पट्टी असते, तिचे नाव बूटस्ट्रॅप. त्यावरूनच संगणक 'बूट' करणे हा शब्दप्रयोग निघाला. आमच्या लहानपणी संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून पायातले बाहेर काढून ठेवावे लागे. तेव्हा बूट काढल्याखेरीज बूट करता येत नसे, हा विनोद ठाण्यातल्या कोणत्याही क्लासातल्या पोराने एकदा तरी केलेला आहे.

ह्या पेचातून पहिली सुबक वाट काढली ती केंब्रिजच्या एडसॅक ह्या यंत्राने. ६ मे १९४९ रोजी ते प्रथम चालले. डेव्हिड व्हीलर ह्या तरुणाने त्यासाठी अवघ्या ३१ आज्ञा लिहिल्या होत्या, आणि त्या टेलिफोनच्या केंद्रात नंबर जोडणारे जे फिरते स्विच असत, त्यांच्यावर तारांनी कायमच्या बांधून टाकल्या होत्या. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत, आणि पुढची आज्ञावली कागदी फितीवरून आत घेत. एकतीस आज्ञा! आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर ह्याहून अधिक असतात.

आपल्याकडे मुंबईस, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधला गेला. तो १९६० साली पुरा झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' असे ठेवले. त्यासही मजकूर भरवावयाचा तो भोके पाडलेल्या कागदी फितीवरूनच. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक बारीक कड्यांची, प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या. तुळशीच्या मण्यांची जणू चटईच. मौज अशी की, त्या कड्यांना बसलेली चुंबकाची दिशा वीज गेली तरी पालटत नाही. जुन्या यंत्रांची मुख्य स्मृती अंधारातही टिकून राही. १९७० नंतर सिलिकॉनच्या चिपांतली स्मृती आली. ती लहान, चपळ आणि स्वस्त. पण दिवे गेले की पाटी कोरी. स्वस्ताईबरोबर हा विसराळूपणा आला आणि तो अजून गेलेला नाही. मग काय शिकावयाचे ते दर सकाळी डिस्कवरून नव्याने शिकावयाचे, अशी रीत पडली. राखेखाली जपलेला विस्तव म्हणजे ही डिस्क.

पण डिस्क महाग. ज्या घरी ती नाही, किंवा असून बिघडली आहे, त्याने काय करावे?

ह्याचे उत्तर १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात निघाले. तेथे १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला, आणि अनेक आल्टो एकमेकांस जोडण्यासाठी रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेट नावाची तार टाकली. आज घराघरांत जी संगणकाची वायर असते तिची ही पणजी. आल्टोस डिस्क होती. पण ती बाजूस ठेवून तारेवरूनही त्यास जागे करता येई. त्याची युक्ती अशी. तारेवरचा एक जागा संगणक ठराविक वेळाने एक लहानसे पुडके सर्वांच्या नावाने सोडीत राही. नुकताच उठलेला आल्टो तारेस कान लावून बसे आणि ते पुडके हाती लागताच, ते कोणाचे, कशाचे असला विचार न करता, आत घेऊन चालवू लागे. त्या पुडक्यात इतकेच लिहिलेले असे, की आता पुढचे कोणाकडून आणि कसे मागावयाचे. त्या मंडळींनी ह्या पुडक्याचे नाव ठेवले होते 'प्राणाची फुंकर'. अभियंत्यांच्या कागदपत्रांत असले नाव क्वचित सापडते. मला तर वाचताच आमच्या गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण झाली.

पुढे ह्या व्यवहारास नियम बांधले गेले, आणि नियमांचे ते कागद सर्वांस खुले ठेवले गेले, हे विशेष. १९८१ च्या जूनमध्ये एम.आय.टी.च्या कॅरन सॉलिन्स यांनी फाइल पाठविण्याची एक अगदी साधी रीत लिहून काढली. मजकुराचे ५१२ बाइटांचे तुकडे करावयाचे. एक तुकडा धाडावयाचा आणि 'पोचला' असे उत्तर येईपर्यंत दुसरा धाडावयाचा नाही. उत्तर आले नाही तर तोच पुन्हा धाडावयाचा. रजिस्टर टपालाची पोच पाहून मगच पुढचे पत्र लिहिणारा जुना कारकून आठवावा. ही रीत मंद आहे. परंतु इतकी साधी आहे की ती पाळणारी आज्ञावली नखाएवढ्या चिपेत मावते, आणि ज्याला उठताना काहीच आठवत नाही त्याच्याजवळ त्याहून अधिक जागा नसतेच.

राहिला प्रश्न 'मी कोण' हा. डिस्क नसलेल्या यंत्रास स्वतःचे नावही ठाऊक नसते. त्याच्या नेटवर्कच्या कार्डावर कारखान्याने कोरलेला एक आकडा असतो, बस्स. १९८४ साली स्टॅनफर्डच्या काही लोकांनी, आणि १९८५ च्या सप्टेंबरात बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी अधिक सोयीने, ह्याची व्यवस्था लावली. उठलेल्या यंत्राने तारेवर सर्वांस उद्देशून ओरडावयाचे: माझ्या कार्डाचा आकडा अमुक, माझा पत्ता कोणास ठाऊक आहे काय? ज्याच्या वहीत तो आकडा असेल त्याने उत्तर द्यावयाचे: तुझा पत्ता हा, माझा पत्ता हा, आणि तू जी फाइल मागून घ्यावयाची तिचे नाव हे. बाकीच्यांनी ऐकून सोडून द्यावयाचे. पहाटे आळीत 'विस्तव आहे का गं' ही हाक सगळ्यांनाच ऐकू जाई, पण ओ देई ती जिच्या चुलीत विस्तव असेल तीच; तसे हे.

हे सगळे परदेशचे झाले. आपल्या पुण्यात ह्याचा एक निराळाच अवतार होऊन गेला, आणि तो आपल्या लोकांस फारसा ठाऊक नाही. अमेरिकेकडून हवे तसे महासंगणक मिळेनात म्हणून १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्याचा अभिमान आपण सर्वच बाळगतो. परंतु तो ज्या चिपांचा बनला होता, त्या इन्मॉस ह्या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांची खुबी फार थोड्यांनी सांगितली आहे. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार हात असत, शेजाऱ्यांचे हात धरण्यासाठी. त्याच्या एका पायाला वीज दिली नाही, तर तो उठताना स्वतःजवळचे काही शोधीतच नसे. चारही हात पुढे करून स्वस्थ वाट पाही. ज्या हातातून प्रथम काही येईल ते त्याचे. आलेला पहिला आकडा म्हणजे मागून किती बाइट येणार ती मोजदाद. तेवढे आत घेतले की तेच तो चालवू लागे, आणि मग उरलेल्या हातांनी पुढच्या शेजाऱ्यास उठवी. एकाने एकास, दुसऱ्याने तिसऱ्यास. काकड आरतीला निघालेली बायकांची रांग एकमेकींच्या निरांजनावर वात पेटवीत जाते, तशी ही जाग कडेपर्यंत पोचे.

आता ठाण्यास येतो, कारण ह्या इतिहासातला माझा स्वतःचा वाटा, तो बरा नसला तरी, तेथलाच आहे.

१९९० नंतरच्या दशकात ठाण्यापासून कल्याणपर्यंत स्टेशनाबाहेरच्या प्रत्येक रस्त्यावर संगणकाचे क्लास निघाले. शिवणाच्या क्लासांच्या पाट्या उतरल्या आणि ह्यांच्या चढल्या. मीही १९९६ साली ठाण्यातल्या एका क्लासात नाव घातले. पैसे तीन हप्त्यांत भरावयाचे. पहिल्या दिवशी चपला काढून गार खोलीत शिरलो, माझ्या जागेवर बसलो आणि पाहतो तो माझ्या यंत्रास फ्लॉपीचे तोंडच नाही! शेजारच्यासही नाही. कोणासच नाही. मास्तर म्हणाले, "हे नोड आहेत. ह्यांना डोकं नाही. डोकं आत काचेच्या खोलीत आहे." माझा चेहरा पडला. पूर्ण यंत्राचे पैसे घेऊन आम्हांस बिनडोक्याचे यंत्र दिले, अशी माझी समजूत झाली, आणि ती मी घरी जाऊन आईस सांगितलीही.

ते बिनडोक्याचे यंत्र म्हणजे वर सांगितलेल्या विद्येचेच फळ, हे कळावयास मला बरीच वर्षे लागली. नेटवर्कच्या कार्डावर एक रिकामी खाच असे. तीत बूट करणारी चिप बसविली की यंत्रास डिस्कची गरज उरत नसे. आतल्या खोलीतला सर्व्हर, बहुधा नॉव्हेल कंपनीच्या प्रणालीवर चालणारा, सर्वांस विस्तव पुरवी. तारही साधी, टीव्हीच्या केबलसारखी काळी, एका यंत्रातून दुसऱ्यात गुंफीत नेलेली. दोन्ही टोकांस पन्नास ओमची एकेक टोपी. मधला एक सांधा निखळला किंवा टोकाची टोपी पडली, तर एक यंत्र नव्हे, सगळी रांग बंद. तिसऱ्याच दिवशी माझा पाय त्या तारेत अडकला आणि अठरा मुलांचे काम नाहीसे झाले. मास्तरांनी मला जे ऐकविले ते येथे छापण्याजोगे नाही.

डिस्क न देण्यामागे काटकसर होती हे उघडच आहे. पण तेवढेच नव्हते. संशयही होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. फ्लॉपी म्हणजे त्या दिवसांतली साथ. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांचा 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात, म्हणजे नेमका यंत्र उठताना जेथे पाहते तेथे, घर करून जगभर फिरला. १९९० साली भारतात जो आढळला त्याचे नाव तर 'जोशी'! तोही तेथेच दडून बसे, आणि ५ जानेवारी उजाडली की यंत्र अडवून धरी. जोशांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकल्याखेरीज ते पुढे हलत नसे. पोराने बाहेरून आणलेल्या एका फ्लॉपीने सगळा क्लास आडवा होई. पुण्यात कॅल्क्युलेटरची दुरुस्ती करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ह्याच सुमारास ह्या रोगांवर औषध बनविण्यास आरंभ केला, आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. इतर क्लासवाल्यांनी सोपी वाट धरली. तोंडच ठेवले नाही, म्हणजे काही खाण्याचा प्रश्न नाही.

माझे म्हणणे असे की, आम्हां पोरांना ह्यात अपमान वाटला तो चुकीचा नव्हता. यंत्र बिनडोक्याचे ठेवावयाचे म्हणजे ते वापरणाऱ्यावर विश्वास नाही, हे आम्हांस बरोबर कळले होते. मी केलेले चित्र मला घरी नेता येत नसे. ते आतल्या खोलीत राही, आणि हप्ता चुकला की खोलीचे दार बंद. शेजारणीकडून विस्तव आणणे निराळे, आणि सगळ्या आळीचा विस्तव एकाच वाड्यात कुलपात ठेवणे निराळे. तार तीच, विद्या तीच. कोण कोणाकडे मागतो आणि देणारा कोणत्या मनाने देतो, एवढाच काय तो फरक.

पुढची वर्षे भराभर सांगतो. १९९३ साली पत्ता वाटण्याची सुधारलेली रीत आली, १९९९ साली इंटेलने नेटवर्कवरून उठण्याची सोय ठरीव नमुन्याची करून टाकली, आणि त्याच साली जिम मॅकक्विलन यांनी टाकाऊ संगणकांस एका बऱ्या संगणकाच्या आधाराने चालविण्याचा लिनक्सचा प्रकल्प काढला. त्याचा फायदा जगभरच्या गरीब शाळांस झाला. डोंबिवलीत भारनियमनाच्या दिवसांत मी ज्या शाळेत होतो तेथे असाच पंधरा यंत्रांचा मेळा होता. तीन तासांनी वीज आली की पंधराही एकदम ओरडत, आणि बिचारा सर्व्हर एकेकास पाचशे बारा बाइटांचे घास भरवीत बसे. तास संपे तेव्हा मुलांच्या पडद्यावर नुकती खिडकी उघडलेली असे. आज ऐरोली-महापे पट्ट्यात जे प्रचंड सर्व्हरांचे कोठार उभे आहेत, तेथेही नवे यंत्र मांडणीवर चढविल्यावर पहिले काम बहुधा हेच: तारेवर ओरडून आपला पत्ता विचारणे.

असो. कल्याणच्या माळ्याकडे वळतो.

काकांच्या पेटीतही तसले कार्ड निघाले. छापखान्यात कधी काळी दोन यंत्रे जोडलेली होती. त्यावर जुन्या काळ्या तारेचे तोंड होते आणि आजच्या वायरचेही. आणि ती रिकामी खाच! माझ्या विद्यार्थिनीने ती बोटाने मला दाखविली, तेव्हा ठाण्याच्या त्या गार खोलीचा वास मला आला.

दुसऱ्या दिवशी ती मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक जुनी चिप घेऊन आली. ह्या चिपेच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तीतून अतिनील प्रकाश सोडला की जुने लिखाण पुसले जाते, आणि नवे लिहून झाले की खिडकीवर कागद चिकटवावयाचा. तिने तीत बूट करणारी आज्ञावली लिहिली, चिप खाचेत बसविली, स्वतःचा लॅपटॉप शेजारी ठेवला आणि दोहोंमध्ये एक वायर जोडली. काका स्टूल ओढून बसले होते. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी यावयाचा होता.

पहिल्या खेपेस जुन्याने हाक मारली, पण लॅपटॉपच्या सुरक्षेच्या भिंतीने ती आत येऊच दिली नाही. ती भिंत पाडली. दुसऱ्या खेपेस पत्ता मिळाला, फाइल सुरू झाली आणि मध्येच थांबली. कार्डाची जागा हलवून पाहिली. तिसऱ्या खेपेस पडद्यावर ठिपके उमटू लागले. एकेक ठिपका, अगदी सावकाश. काका म्हणाले, "आमच्या ट्रेडलसारखं चाललंय." आणि मग ती जुनी काळी पाटी व तिच्यावर लुकलुकणारी रेघ आली. यंत्र जागे झाले होते, पण स्वतःच्या डिस्कला हात न लावता. त्याच्या डोक्यात जे होते ते सगळे शेजारच्या लॅपटॉपने दिलेले होते.

मग डिस्क. ती केवढी, तिच्यावर रकाने किती, हे बॅटरीबरोबर यंत्र विसरले होते. ते डिस्कच्या चिठ्ठीवर छापलेले होते, पण एक आकडा पुसट. तीन की आठ, ह्यात दोन प्रयत्न गेले. आठ निघाला. फायलींची यादी पडद्यावर सरकली आणि माझ्या कादंबरीचे नाव, इंग्रजी आठ अक्षरांत कोंबलेले, चौदा वेळा दिसले. एकेक फाइल वायरवरून पलीकडे जाऊ लागली. नववी आणि तेरावी मात्र गेली नाही. डिस्क कुरकुरली, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू लागली. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने तिला सोडून दिले, कारण ओढाताणीत बाकीचे जावयाचे. बारा प्रकरणे आली.

उघडून पाहतो तो सगळी भलतीच चिन्हे! त्या काळी मराठीचा प्रत्येक फाँट आपापल्या मनाने अक्षरे मांडी. फाँट हरवला की मजकूर आंधळा. सुदैवाने तो फाँटही त्याच डिस्कवर होता. तो चढविला आणि माझी पहिली कादंबरी माझ्यासमोर उभी राहिली.

खरे सांगावयाचे तर ती बेताचीच आहे. पहिल्या तीन पानांत दोनदा सूर्य मावळतो. मी ती वाचता वाचता हसत होतो. पण चौथ्या प्रकरणात, एका परिच्छेदानंतर, चौकटीत एक ओळ दिसली जी माझी नव्हती: 'ही ओळ लागत नाही, मुलगी रडते की हसते? विचारणे.' पुढे आणखी एक: 'वडिलांचे नाव प्र. २ मध्ये वेगळे आहे. विचारणे.' काकूंच्या शंका होत्या त्या. काम थांबले आणि त्या मला विचारावयाच्या राहून गेल्या. बारा प्रकरणांत मिळून सात. दहाव्याच्या शेवटी मात्र शंका नव्हती, तेथे फक्त लिहिले होते: 'आज दिवे गेले, दोन पाने पुन्हा केली.'

मी ते काकांना वाचून दाखविले. त्यांनी चष्मा काढून पडद्याजवळ तोंड नेले.

"आठवतं मला," ते म्हणाले. "त्या दिवशी घरी येऊन ती माझ्याशी बोलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, पोराची चांगली दोन पानं गेली. दुसऱ्यांदा तशी झाली नाहीत."

मी दहावे प्रकरण पुन्हा वर नेले. कोणती दोन पाने, ते मला आता ओळखू येत नव्हते.

काकांनी सातही ओळी एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून मागितल्या. मी त्या तेथेच हाताने लिहून दिल्या. मुलीने यंत्र बंद केले, तेव्हा त्यांनी विचारले, "परत लावलं तर पुन्हा तसंच दिसेल का?" तिने लावून दाखविले. १ जानेवारी १९८०, मग हाक, मग ठिपके. काका शेवटच्या ठिपक्यापर्यंत पाहत राहिले. नंतर खिशातून फोन काढून त्यांनी भंगारवाल्यास उद्या येऊ नको म्हणून सांगितले.